अर्धवट गोठलेले डबे आणि १५.५ अंशांचा निकाल: ग्लेशियल ॲसिटिक आम्लाच्या एका मालाचं प्रकरण

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या औषधी रसायनांच्या एका मध्यम कारखान्यात जानेवारीत ग्लेशियल ॲसिटिक आम्लाचे वीस डबे आले. प्रत्येकात ३५ किलो, एकूण ७०० किलो माल. गोठणबिंदूच्या चाचणीत तो नापास झाला. कारखान्याची मर्यादा होती १५.६ अंश सेल्सिअसपेक्षा कमी नको, आणि निकाल आला १५.५. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर मात्र १६.० लिहिलेलं. तिकडचा केमिस्ट म्हणत होता माल चोख आहे, इकडची खरेदी म्हणत होती पाणी मिसळलंय. दोघांची मोजमापं बरोबर होती, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्यासारखं आहे.

या आम्लात गोठणबिंदूला एवढा मान का, ते आधी. अगदी शुद्ध ॲसिटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं आणि बर्फासारखे पांढरे खडे होतात. ग्लेशियल हे नाव त्यावरूनच आलं. त्यात थोडंसं पाणी शिरलं की गोठणबिंदू झपाट्याने उतरतो. ९९.९५ टक्के शुद्धतेला तो १६.५० असतो, ९९.७० ला १६.०६, ९९.६० ला १५.८४, ९९.२० ला १५.१२, ९८.८० ला १४.४९ आणि ९८ टक्क्यांना १३.२५. कामापुरता हिशेब असा धरायचा की ०.१ टक्का पाण्यामागे साधारण ०.२ अंश खाली. म्हणजे ०.१ अंशाचे भाग असलेला नीट तपासलेला तापमापक हाती असेल, तर ०.०५ टक्का पाणीही दिसतं.

अनुमापनात, म्हणजे आम्ल अल्कलीने पुरं मारून मोजण्यात (टायट्रेशन), ते दिसत नाही. दोन ग्रॅम आम्ल तोलून १ एन सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल्फ्थॅलिनच्या गुलाबी छटेपर्यंत नेलं, तर सुमारे ३३ मिलिलिटर लागतात. बुरेट वाचताना ०.०५ मिलिलिटरची चूक झाली तरी निकाल ०.१५ टक्क्याने हलतो. त्यात तोलण्याची आणि द्रावणाच्या फॅक्टरची, म्हणजे त्याच्या नेमक्या तीव्रतेच्या आकड्याची, चूक मिळवा. ९९.७ आणि ९९.४ मधला फरक अशा अनुमापनाने छातीठोकपणे सांगता येत नाही. या मालाचं अनुमापन ९९.५ टक्के आलं होतं आणि कारखान्याच्या मर्यादेत बसत होतं. माल अडला तो गोठणबिंदूवर.

मर्यादांमध्येही फरक आहे. अमेरिकी औषधकोश, म्हणजे औषधी पदार्थांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ, १५.६ पेक्षा कमी चालवून घेत नाही, तर युरोपीय आणि ब्रिटिश औषधकोश १४.८ पर्यंत चालवतात. हाच १५.५ चा माल ब्रिटिश मर्यादेने आरामात पास झाला असता. मग या कारखान्याने कडक मर्यादा का धरली? कारण आम्ल जात होतं ॲसिटिलेशनच्या (रेणूला ॲसिटिल गट जोडण्याच्या) पायरीला, ॲसिटिक ॲनहायड्राइडबरोबर. तिथे पाण्याचा एक रेणू ॲनहायड्राइडचा एक रेणू खाऊन टाकतो: १८ ग्रॅम पाण्यामागे १०२ ग्रॅम ॲनहायड्राइड वाया. ७०० किलो आम्लात ०.३३ टक्का पाणी म्हणजे २.३ किलो पाणी, आणि त्यापोटी १३ किलो ॲनहायड्राइड. तेवढी भर उत्पादन विभाग आधीच धरून चालतो. पण पाणी दुप्पट निघालं तर अभिक्रिया अर्धवट राहते, आणि त्याचा शोध लागेपर्यंत अख्खी बॅच हातची गेलेली असते.

माल आला कसा, थांबला कुठे

डबे गाडीत एक रात्र काढून शनिवारी संध्याकाळी उतरले. संक्रांतीची सुट्टी जोडून आलेली, तपासणीपूर्व मालाच्या खोलीत जागा नाही. म्हणून गोदामाच्या उत्तरेकडच्या उघड्या शेडखाली पॅलेटवर पाच बाय चारच्या मांडणीत ठेवले. या दिवसांत नाशिकला रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. दुपारी ऊन असलं तरी उत्तरेच्या सावलीत ते डब्यांपर्यंत पोचत नाही. दिवसभराची सरासरी पंधरा-सोळाच्या आसपास राहिली की ॲसिटिक आम्लाची गंमत सुरू होते: रात्री जेवढं गोठतं तेवढं दिवसा वितळत नाही. गाडीतली धरून चार रात्री गेल्या. मंगळवारी सकाळी साडेआठला, म्हणजे गोठणं सर्वांत जास्त झालेल्या वेळी, नमुने घेतले गेले.

नमुन्यांची संख्या नियमाला धरून होती. विसाचं वर्गमूळ अधिक एक म्हणजे साडेपाच, म्हणून सहा डबे. सहाही डबे कडेच्या रांगेतले, कारण हात तिथेच पोचतो. पाच बाय चारच्या मांडणीत चौदा डबे कडेला आणि सहा आत असतात. आतले सहा कोणी हलवले नाहीत. प्रत्येक डब्यातून नळीने १०० मिलिलिटर वरचा द्रव काढला, सहाही एका बाटलीत मिसळले आणि प्रयोगशाळेत पाठवले. नमुना घेणाऱ्याने नोंदवहीत शेरा लिहिला: ‘डब्यात खडे, द्रव स्वच्छ’. पुढचा सगळा उलगडा या चार शब्दांत होता, पण तेव्हा तो शेरा कोणी वाचला नाही.

पहिली चाचणी

पहिल्या विश्लेषकाने घाई केली. परीक्षानळी थेट बर्फाच्या चुऱ्यात धरली, बाहेरची नळी लावली नाही, गोठणं सुरू करून देणारं स्फटिकाचं बी टाकलं नाही. द्रव न गोठताच ९ अंशांपर्यंत उतरला, मग अचानक पांढरा झाला, पारा १५.१ पर्यंत चढला आणि तिथे न टेकता लगेच खाली आला. नोंद झाली १५.१.

हा आकडा चुकीचा होता. बी नसलेलं ॲसिटिक आम्ल गोठणबिंदूच्या खाली कित्येक अंश द्रवच राहतं. गोठायला लागलं की ग्रॅममागे सुमारे १९५ जूल उष्णता बाहेर पडते आणि तीच तापमान वर ढकलते. पण भोवती शून्य अंशांचं बर्फ असेल आणि मध्ये हवेचं अस्तर नसेल, तर ही उष्णता बाहेर पडल्याबरोबर नळीच्या काचेतून निघून जाते. पारा खऱ्या गोठणबिंदूपर्यंत पोचायच्या आतच उतरायला लागतो. बाहेरच्या नळीचं काम हेच की थंडी हळू पोचावी, म्हणजे आम्लाला आपल्या तापमानावर स्थिरावायला वेळ मिळतो.

पर्यवेक्षक बाईंनी तो निकाल बाजूला ठेवला आणि चाचणी पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितलं. ती अशी लावली.

आतली परीक्षानळी २५ मिलिमीटर व्यासाची आणि १५० लांब, बाहेरची ४० व्यासाची आणि १६० लांब. आतल्या नळीला बूच, बुचातून ०.१ अंश भागांचा तापमापक, त्याचा फुगा तळापासून १५ मिलिमीटर वर. बुचाच्या दुसऱ्या भोकातून काचेची कांडी, जिचं टोक १८ मिलिमीटरच्या कड्यासारखं काटकोनात वळवलेलं. ही ढवळणी फुग्याच्या भोवतीने वरखाली फिरते. ही जोडणी एक लिटरच्या बीकरमध्ये मधोमध टांगायची आणि बीकर काठाच्या २० मिलिमीटर खालीपर्यंत पाण्याने भरायचा.

पाण्याचं तापमान अपेक्षित गोठणबिंदूच्या पाच अंश खाली, म्हणजे इथे ११. जानेवारीत नाशिकच्या नळाचं पाणीच गार असतं, बर्फाचे चार-पाच तुकडे पुरतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आलं की बीकरभर बर्फ लागतो, आणि चाचणीच्या मध्येच पाणी तापू नये म्हणून दुसरा तापमापक पाण्यात ठेवावाच लागतो.

नळी, ढवळणी, तापमापक पूर्ण कोरडे हवेत, आणि त्यावर जितकं बोलावं तितकं थोडं. नळीत २० मिलिलिटर म्हणजे २१ ग्रॅम आम्ल असतं. धुतलेल्या ढवळणीवर राहिलेला पाण्याचा एकच थेंब, ०.०५ ग्रॅम, त्या आम्लात ०.२४ टक्का पाणी घालतो आणि गोठणबिंदू जवळजवळ अर्ध्या अंशाने पाडतो. चांगला माल नापास व्हायला तेवढा एक थेंब पुरतो. काचसामान १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, गार करायचं. तापमापक ओव्हनमध्ये जात नाही, तो त्याच आम्लाच्या थोड्या भागाने दोनदा धुवायचा आणि ते धुवण फेकून द्यायचं.

बी तयार करायला त्याच नमुन्याचे दोन थेंब छोट्या नळीत घेऊन बर्फ-मिठात गोठवतात आणि काचकांडीच्या टोकाला खडा चिकटवून तो नमुन्यात टेकवतात. बी दुसऱ्या बाटलीतल्या आम्लाचं घेऊ नये. दुसरा सोपा मार्ग म्हणजे नमुना एकदा गोठवून घ्यायचा आणि पाच अंश वरच्या पाण्यात धरून शेवटचे थोडे स्फटिक शिल्लक असतानाच मोजायला घ्यायचा. उरलेले स्फटिक हेच बी.

दुसऱ्या वेळी दर ३० सेकंदांच्या नोंदी अशा आल्या: १६.४, १६.०, १५.५, १५.१, १४.८, मग बी लागून १५.३, पुढे १५.५, १५.५, १५.५, १५.५, १५.५, १५.४. तापमान उतरत होतं तोवर ढवळत राहिले, ते चढायला लागताच ढवळणं थांबवलं. किमान चार लागोपाठच्या नोंदी ०.२ अंशाच्या आत असतील तर त्यांची सरासरी हा निकाल. तिसऱ्यांदा नवीन २० मिलिलिटर घेऊन केली, पुन्हा १५.५. बाटलीत होतं त्या आम्लाचा गोठणबिंदू १५.५ होता, यात आता शंका उरली नाही.

तापमापकावर संशय घेणं ओघाने आलंच. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ बारीक कुटून, त्यात तेच पाणी घालून घट्टसर लगदा केला, तापमापक १५ मिनिटं त्यात रोवून ठेवला: ०.०. मग कॅलिब्रेशन प्रमाणपत्र असलेल्या तापमापकाशी १६ अंशांच्या पाण्यात शेजारी-शेजारी पडताळला, फरक ०.०५ च्या आत. सातपूरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणून दाबाची दुरुस्ती लागेल का, असाही प्रश्न निघाला. उत्कलनबिंदूला ती लागते, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गोठणबिंदूवर एवढ्या दाबफरकाचा परिणाम या तापमापकावर दिसण्याइतकाही होत नाही.

डब्यातलं तापमान

इथे बहुतेक ठिकाणी नकाराचा कागद निघतो आणि लाल लेबल लागतं. या प्रकरणात ते लागलं नाही, कारण पर्यवेक्षक बाईंनी नमुन्याची नोंदवही मागवली आणि ‘डब्यात खडे’ हे शब्द वाचले.

गोठणाऱ्या आम्लाचे स्फटिक जवळजवळ शुद्ध आम्लाचेच बनतात. पाण्याचे रेणू त्या रचनेत बसत नाहीत, ते मागे उरलेल्या द्रवात ढकलले जातात. प्लास्टिकच्या नळीतला गोड ‘पेप्सीकोला’ चोखणाऱ्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही: रंग आणि गोडवा आधी ओढला जातो, हातात फिका बर्फ उरतो. डब्यात तेच घडतं. ३५ किलोच्या डब्यात ०.३३ टक्का पाणी असेल आणि त्यातलं ४५ टक्के आम्ल गोठलं, तर सगळं पाणी उरलेल्या ५५ टक्के द्रवात येतं. ०.३३ भागिले ०.५५ म्हणजे ०.६० टक्का. शुद्धता ९९.४० आणि गोठणबिंदू, वरच्या आकड्यांवरून, १५.५.

शिवाय घन आम्ल द्रवापेक्षा जड. पाण्याचा बर्फ तरंगतो, हा बसतो. भिंतीलगत जमलेले आणि तळाशी गेलेले खडे म्हणजे शुद्ध भाग, आणि वर मोकळा राहिलेला द्रव म्हणजे पाण्याने भरलेला भाग. नळी वरून बुडवली की नेमका तोच हाती लागतो.

तर्क बरोबर वाटला तरी पुरावा हवा, आणि तो डब्यातच होता. खडे आणि द्रव एकत्र राहिलेले असले की त्या द्रवाचं तापमान हाच त्या द्रवाचा गोठणबिंदू असतो. डबा स्वतःच एक मोठी परीक्षानळी झालेला असतो. बाईंनी स्टोअरला फोन केला, “भाऊ, डबे हलवू नका. सगळ्यांची बुचं उघडून तापमान घ्यायचंय. मी येते.”

मोजायला काचेचा तापमापक नेला नाही, कारण डब्यात फुटला तर पारा आणि काच दोन्ही मालात. ३१६ स्टीलच्या आवरणातला पीटी-१०० प्रोब, म्हणजे विजेवर चालणारा तापमापक, वापरला. तांबं, पितळ आणि साधं लोखंड या आम्लात चालत नाही. प्रोब प्रत्येक डब्यानंतर कोरड्या फडक्याने पुसायचा, पाण्याने धुवायचा नाही. द्रव प्रोबनेच हलकेच ढवळायचा, खड्याजवळ दोन मिनिटं धरायचा, आकडा थांबला की लिहायचा. हातमोजे, चष्मा आणि वाफेचा मास्क लागतोच, कारण हे आम्ल कातडी भाजतं आणि वीस बुचं उघडली की शेडखाली उभं राहवत नाही.

कडेच्या चौदा डब्यांत १५.४ ते १५.६ आलं. प्रयोगशाळेतल्या १५.५ शी हुबेहूब. आतल्या सहांपैकी पाच डब्यांत १५.७, कारण चहूबाजूंनी शेजारी असल्याने तिथे गोठणं कमी झालं होतं. इथपर्यंत तर्क अचूक उतरला.

तेरा नंबरच्या डब्यात मात्र १४.७ आलं. प्रोब पुन्हा धरला, पुन्हा १४.७. हा डबा आतल्या सहांतला, म्हणजे सर्वांत कमी थंडी खाल्लेला. शेजारी १५.७ दाखवत असताना हा एक अंश खाली कसा? थंडीने याचं उत्तर मिळत नव्हतं. त्या डब्यात मुळातच पाणी जास्त होतं.

थोडक्यात, नापास झालेले सहा डबे बहुधा चांगले होते, आणि खराब डबा नमुन्यात आलाच नव्हता.

वितळवणं

खात्रीसाठी सगळा माल पूर्ण वितळवून पुन्हा तपासायचा ठरलं. या आम्लाचा ज्वलनांक, म्हणजे वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, ४० अंशांच्या आसपास असतो. डब्याखाली शेगडी, वाफेची नळी थेट डब्यावर, हीटर चिकटवणं, हे सगळं वर्ज्य. २८ ते ३० अंशांच्या, हवा खेळती असलेल्या खोलीत डबे ठेवले, एकमेकांत वीतभर अंतर सोडून, म्हणजे चारही बाजूंनी उष्णता पोचते. एका डब्यात पंधरा-सोळा किलो घन असेल तर ते वितळायला सुमारे ३,००० किलोजूल लागतात. अशा खोलीत त्याला बारा-पंधरा तास जातात, तरी २४ तास धरावेत. वितळताना आम्ल फुगतं, म्हणून गळ्यापर्यंत भरलेल्या डब्याचं बूच आधी एकदा सैल करून पुन्हा बसवायचं.

वितळलेला डबा लगेच नमुन्याला घेतला की दुसरी चूक होते. घन गेलं तरी थर राहतात. या प्रकरणात एका डब्याचा वरचा आणि खालचा द्रव मुद्दाम वेगवेगळा तपासला, तर गोठणबिंदूत ०.३ अंशांचा फरक निघाला. डबा आडवा करून दहा मिनिटं पुढेमागे लोळवल्यावर दोन्ही सारखे झाले. खरं तर हा लोळवण्याचा दहा मिनिटांचा वेळ बहुतेक स्टोअरमध्ये वाचवला जातो, आणि मग केमिस्ट तापमापकाला दोष देत बसतात.

वीसच्या वीस डब्यांचा गोठणबिंदू काढणं शक्य होतं, पण दोन जोडण्यांवर त्यात पूर्ण दिवस गेला असता. म्हणून सर्व डब्यांचं पाणी कार्ल फिशरने, म्हणजे फक्त पाणी मोजणाऱ्या अनुमापनाने, मोजलं आणि गोठणबिंदू सात डब्यांचा काढला: आधीचे सहा आणि तेरा नंबर. कार्ल फिशरला इथे एक सावधगिरी लागते. नेहमीच्या अभिकर्मकात मेथॅनॉल असतं. त्याच्याशी ॲसिटिक आम्लाचा एस्टर बनतो, त्यात नवं पाणी तयार होतं आणि शेवटचा बिंदू सरकत राहतो. मेथॅनॉल नसलेला अभिकर्मक घेतला तर हा त्रास टळतो.

एकोणीस डब्यांत पाणी ०.३१ ते ०.३६ टक्का. आधीच्या सहा डब्यांचा गोठणबिंदू १५.९ ते १६.१. पुरवठादाराचा १६.० खरा होता.

तेरा नंबर: पाणी ०.७४ टक्का, गोठणबिंदू १५.२. बाकीच्यांपेक्षा ०.४ टक्क्याने जास्त, म्हणजे ३५ किलोत साधारण १५० ग्रॅम पाणी. एवढं पाणी सैल बुचातून चार रात्रींत हवेतून शिरणार नाही. डबा नीट पाहिला तेव्हा त्यावर जुन्या लेबलचा डिंक आणि वेगळ्या रंगाचं आतलं बूच आढळलं. पुन्हा वापरात आणलेला, धुतलेला आणि पुरता न निथळलेला डबा. पुरवठादारानेही मग वापरलेले डबे धुऊन भरत असल्याचं मान्य केलं. चहाच्या मोठ्या कपाएवढं पाणी तळाच्या खाचेत राहिलं तर वरून पाहणाऱ्याला दिसतही नाही.

हा डबा सहांच्या मिश्र नमुन्यात आला असता तरी सापडला नसता. पूर्ण वितळलेल्या पाच चांगल्या डब्यांचं ०.३३ आणि याचं ०.७४ यांची सरासरी ०.४० होते, गोठणबिंदू १५.८, आणि अख्खा माल पास. मिश्र नमुना सरासरी सांगतो, एकट्या डब्याची लबाडी झाकतो. ज्या पायरीत पाणी घातक आहे तिथे मिश्र नमुन्यावर विसंबणं आम्हाला पटत नाही. निदान प्रत्येक डब्याचं पाणी वेगळं मोजावं.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. गोठणबिंदू खाली आला एवढंच ही चाचणी सांगते, कशामुळे ते सांगत नाही. फॉर्मिक आम्ल असलं तरी तो उतरतो, पाण्याच्या मानाने कमी: ०.१ टक्क्याला ०.०८ ते ०.०९ अंश. ॲसिटिक ॲनहायड्राइड राहिलं असलं तरीही उतरतो, आणि त्या वेळी अनुमापन उलट शंभराच्या वर जातं, कारण त्याचा एक रेणू आम्लाच्या दोन रेणूंएवढा अल्कली घेतो. फॉर्मिक आम्लही वजनाच्या मानाने जास्त अल्कली घेतं. म्हणून गोठणबिंदू कमी, कार्ल फिशर कमी आणि अनुमापन जास्त असे तिन्ही आकडे एकत्र दिसले तर पाण्याचा नाद सोडून दुसरी भेसळ शोधावी. इथे गोठणबिंदूवरून निघणारं पाणी आणि कार्ल फिशरचं पाणी एकमेकांशी जुळलं, म्हणून प्रश्न पाण्यावरच मिटला.

निर्णय

एकोणीस डबे स्वीकारले, तेरा नंबर परत गेला. पुरवठादाराला पाठवलेल्या पत्रात नकाराचं कारण ‘पाणी ०.७४ टक्का, गोठणबिंदू १५.२, पूर्ण वितळवून व मिसळून घेतलेला नमुना’ असं लिहिलं. शेवटचा भाग मुद्दाम घातला, नाहीतर तिकडचा केमिस्ट पहिली शंका तीच काढणार. पहिला १५.१ चा आणि नंतरचा १५.५ चा निकाल खोडले नाहीत. दोन्हींसमोर कारण लिहिलं: पहिल्यात बाहेरची नळी व बी नव्हतं, दुसऱ्यात चाचणी बरोबर पण नमुना प्रातिनिधिक नव्हता.

कार्यपद्धतीत बदल तीन झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आम्ल आलं की ते थेट उबदार खोलीत, शेडखाली नाही. डब्यात एक जरी खडा दिसला तरी नमुना घ्यायचा नाही: २४ तास वितळवणं, दहा मिनिटं लोळवणं, मग नळी तळापर्यंत नेऊन पूर्ण उंचीचा द्रव घ्यायचा. आणि नमुन्याचे डबे कडेचे न घेता चिठ्ठीने निवडायचे, त्यासाठी पॅलेट हलवावं लागलं तरी.

नमुन्याच्या नोंदवहीत ‘शेरा’ या रकान्याशेजारी आता नवा रकाना आखलेला आहे: ‘नमुना घेताना डब्यातल्या द्रवाचं तापमान’. तिथे १८ पेक्षा कमी आकडा असला तर प्रयोगशाळा बाटली उघडत नाही, स्टोअरला परत पाठवते.